टँकरच्या पाण्यात डाळ का शिजत नाही? ("पाणी जड आहे" हे उत्तर वर्गात चाललं नाही)

दवाखाना_ते_फळा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच काहीतरी विचारतेय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी डॉक्टर. म्हणजे होते, म्हणजे डिग्री आहेच अजून पण दवाखाना बंद करून सहा वर्षं झाली. कळव्याला अठरा वर्षं जनरल प्रॅक्टिस केली, मग एक दिवस वाटलं पुरे, आणि शेहेचाळिसाव्या वर्षी लेकीच्या वयाच्या पोरींशेजारी बसून बी.एड. केलं (त्याचे किस्से वेगळ्या धाग्यात). आता घोडबंदर रोडला एका मराठी शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. राहते ऐरोलीला, त्यामुळे विचार करायला बसमध्ये भरपूर वेळ मिळतो.

शाळेच्या भित्तिपत्रकावर मी दर महिन्याला एक पान लिहिते, रोजच्या जगण्यातलं विज्ञान टाइप. दूध उतू का जातं, हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल का होतो, कांदा फ्रीजमध्ये ठेवून चिरला की डोळे कमी का झोंबतात वगैरे. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतात ती पानं, कौतुक होतं, त्यामुळे मीही जरा हवेत होते.

या महिन्यात टँकरच्या पाण्यावर लिहिलं. आमच्या वर्गातली निम्मी मुलं अशा सोसायट्यांमधली आहेत जिथे दिवसाआड टँकर येतो. एका मुलीने विचारलं होतं की आई म्हणते टँकरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, का? मी थाटात लिहिलं, टँकरमध्ये बोअरचं पाणी असतं, ते जड असतं, त्यात क्षार असतात, म्हणून डाळ लवकर शिजत नाही. झालं.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी दोन बाटल्या घेऊन हजर. एक टँकरची, एक मामाकडून आणलेली महापालिकेच्या नळाची. "बाई, जड आहे ना, मग तोलूया." प्रयोगशाळेतला एकच फ्लास्क खुणेपर्यंत आधी एका पाण्याने भरला, मग दुसऱ्या. काट्यावर आकडा सेम. "मग जड कुठंय?" वर्ग खदखदून हसला, मीपण हसले, पण बसमध्ये बसल्यावर हसू गेलं.

कारण दवाखान्यात असं कोणी कधी विचारलंच नाही हो. "व्हायरल आहे" म्हटलं की पेशंट मान डोलावतो. आमच्याकडे इडिओपॅथिक म्हणून एक भारदस्त शब्द आहे, त्याचा सरळ अर्थ कारण माहीत नाही. ब्लडप्रेशरच्या बहुतेक पेशंटच्या कागदावर वर्षानुवर्षं इसेन्शियल हायपरटेन्शन लिहिलं, म्हणजे तरी काय, एकच असं कारण सापडत नाही. नाव मिळालं की माणूस निवांत होतो, आणि सांगणारा त्याहून जास्त. नववीतली पोरगी नाही झाली निवांत.

तर प्रश्न असा की त्या क्षारांमधलं कॅल्शियम डाळीला नेमकं करतं काय, आणि चौदा वर्षांच्या मुलांना सांगताना थांबायचं कुठे? पेक्टिन वगैरे मी वाचलंय थोडं, पण "पेक्टिनमुळे" लिहिलं तर ते पुन्हा नावच झालं ना?

---

नौपाडाकर_काकू

डॉक्टर, आधी अभिनंदन, शेहेचाळिसाव्या वर्षी बी.एड. म्हणजे कमाल आहे.

मला विज्ञान फार कळत नाही पण स्वयंपाक चाळीस वर्षं करतेय. आमच्याकडे नौपाड्यात नळाचं पाणी, डाळ तीन शिट्ट्यात लोण्यासारखी. मुलगा घोडबंदरला राहायला गेला, तिकडे सूनबाई म्हणते आई सहा शिट्ट्या केल्या तरी दाणा दाणा वेगळा. मी तिला सांगितलं चिमूटभर सोडा टाक. माझी आई चिंचेचं पाणी कायम डाळ शिजल्यावरच घालायची, आधी घातलं की डाळ अडून बसते म्हणायची. मीठही शेवटीच. हे पण त्यातच बसतं का बघा.

आणि एक, रागावू नका, तुमचं लिहिणं अजून प्रिस्क्रिप्शनसारखं आहे. "क्षार असतात म्हणून शिजत नाही", सकाळी एक संध्याकाळी एक.

---

निवृत्त_वाशीकर

"जड पाणी" वाचून दचकलो. आमचं सगळं आयुष्य ट्रॉम्ब्यात भाभा अणुसंशोधन केंद्रात गेलं, आमच्याकडे जड पाणी म्हणजे पूर्ण वेगळी चीज. त्यात साध्या हायड्रोजनच्या जागी त्याचाच जड भाऊ ड्युटेरियम असतो, ते खरोखरच जड असतं, लिटरमागे शंभराहून जास्त ग्रॅम जास्त भरतं. ट्रॉम्ब्याच्या ध्रुव अणुभट्टीत ते वापरतात, तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या युनिटमध्ये वापरतात, अलिबागजवळ थळला ते बनवायचा कारखाना आहे. तुमच्या विद्यार्थिनीने ते काट्यावर ठेवलं असतं तर काटा बोलला असता! त्यामुळे ती मुलगी शंभर टक्के बरोबर, शब्द चुकीचा.

तुम्हाला हवं ते पाणी म्हणजे दुष्फेन पाणी, पाठ्यपुस्तकात हाच शब्द आहे आणि मला तो फार आवडतो कारण तो नुसतं नाव ठेवत नाही, काय होतं ते सांगतो. फेस नीट येत नाही ते दुष्फेन, येतो ते सुफेन. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून बसतं, त्याचा न विरघळणारा पांढरा साका होतो, बादलीच्या कडेला चिकटतो तोच. सगळं कॅल्शियम असं खर्ची पडल्यावर मग कुठे फेस. म्हणून साबण जास्त लागतो.

तोलून का कळलं नाही, तर भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात दुष्फेनता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे अगदी वाईट पाण्यातही लिटरमागे अर्धा-पाऊण ग्रॅमचा मामला. शाळेचा काटा आणि फ्लास्कची खूण यातच तेवढा फरक जिरून जातो. ताटलीत दोन्ही पाणी उकळून आटवा, तळाला राहतं ते मुलांना दाखवा. तोलण्यापेक्षा बरं.

---

अर्धा_केमिस्ट

आता माझा विषय आला. कुठे थांबायचं विचारलंत ना, मी असं सांगेन.

बुंदीचा लाडू आठवा. बुंदी वेगळी आणि तिला धरून ठेवणारा पाक वेगळा. डाळीचा दाणा तसाच असतो, पेशी म्हणजे बुंदी आणि पेशींच्या मधे पाकासारखं जे असतं ते पेक्टिन. डाळ शिजणं म्हणजे हा पाक गरम पाण्यात सुटणं आणि बुंदी मोकळी होणं. आपण म्हणतो ना डाळ "मोडली", "घोटली गेली", तेच.

आता पेक्टिन म्हणजे लांब लांब दोरे, त्यांच्यावर जागोजागी ऋण प्रभार. कॅल्शियमवर दोन धन प्रभार, म्हणजे दोन हात. एका हाताने एक दोरा धरतो, दुसऱ्याने शेजारचा. असे हजारो जण हात धरून उभे राहिले की पाक पक्का, लाडू फुटायला हातोडा. सोडियमला एकच हात, तो दोन दोरे बांधू शकत नाही. एवढंच. नववीत आयन शिकवतात, त्यामुळे मुलांना हे झेपेल, आणि पेक्टिन हे नाव नाही घेतलं तरी चालेल, "पाक" म्हणा. नाव नंतर येऊ दे.

काकू, तुमच्या आईचं चिंचेचं बरोबर. आंबटात तो पाक लवकर सुटत नाही म्हणून चिंच, आमसूल, टोमॅटो सगळं नंतर. सोडा उलट, त्याने पाणी अल्कधर्मी होतं आणि पाक पटापट तुटतो. मिठाचं मात्र उलटं आहे बरं का, राजमा किंवा हरभरे मिठाच्या पाण्यात भिजवले तर साल मऊ पडते, कारण सोडियम कॅल्शियमला ढकलून त्याची जागा घेतो. घरी करून बघा, मग आईशी भांडा (मी भांडलो, हरलो).

---

पेठा_प्रेमी

वरचं वाचून ट्यूब पेटली!! कोहळ्याचा पेठा करताना फोडी चुन्याच्या पाण्यात बुडवून ठेवतात ना, म्हणूनच पाकात तासभर उकळला तरी गाळ होत नाही. म्हणजे डाळीत जो व्हिलन तोच पेठ्यात हिरो. आमचे आजोबा हलवाई होते, ते म्हणायचे "चुना फोडीला कणा देतो". कणा म्हणजे कॅल्शियमच की.

---

सोसायटी_सेक्रेटरी_त्रस्त

अवांतराबद्दल सॉरी पण तज्ज्ञ जमलेत तर विचारतो. आमच्या सोसायटीत (घोडबंदरच, नाव नको) बोअर आणि टँकर दोन्ही, गीझरची कॉइल वर्षात पांढरी दगड. शेवटी सॉफ्टनर बसवला, महिन्याला मिठाच्या गोणी लागतात त्याला. आता एका मेंबरने टीडीएस मीटर आणलाय, सॉफ्टनरच्या आधी जेवढा आकडा नंतरही जवळपास तेवढाच, त्यामुळे जनरल बॉडीत माझ्यावर "फसवणूक" म्हणून हल्ला झाला. दोन तास. चहासुद्धा गार झाला. आणि वर एका काकांचं म्हणणं की मीठ टाकलेलं पाणी पिऊन सगळ्यांचं बीपी वाढणार.

---

अर्धा_केमिस्ट

सेक्रेटरी, तुम्ही निर्दोष. सॉफ्टनर पाण्यातून काही काढत नाही, अदलाबदल करतो. आतल्या रेझिनवर (बारीक मणी असतात त्याचे) सोडियम बसलेला असतो, तो ते सोडून देतं आणि कॅल्शियम पकडून ठेवतं, रेझिन भरलं की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा सोडियम बसवायचा, गोण्या त्यासाठी. टीडीएस मीटर नुसतं विरघळलेलं एकूण किती आहे त्याचा अंदाज देतो, त्याला कॅल्शियम काय आणि सोडियम काय. दुष्फेनता तपासायला वेगळी टेस्ट किट मिळते ती आणा, नाहीतर सरळ बाटलीत पाणी घेऊन साबणाचं किसलेलं चिमूटभर टाकून हलवून दाखवा सभेत.

बीपीचं डॉक्टर सांगतील.

---

दवाखाना_ते_फळा

वा, एका दिवसात एवढं! बुंदीचा लाडू मी ढापणार हे आत्ताच जाहीर करते. काकू, प्रिस्क्रिप्शनचं अगदी मान्य, नवऱ्याला वाचून दाखवलं तर तो म्हणाला मी हेच गेली पाच वर्षं सांगतोय.

सेक्रेटरी, बीपीचं असं. ५०० मिलिग्रॅम दुष्फेनतेचं पाणी पूर्ण सुफेन केलं तर लिटरला साधारण २३० मिलिग्रॅम सोडियम वाढतो. मोठ्या माणसाने दिवसाला सोडियम २ ग्रॅमच्या आत ठेवावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे मीठ ५ ग्रॅम, छोटा एक चमचा. दोन-तीन लिटर तेच पाणी प्यायलात तर चौथा हिस्सा किंवा थोडा जास्त नुसता पाण्यातून गेला. धडधाकट माणसाने झोप उडवून घेऊ नये, पण बीपी, हार्ट किंवा किडनीचा पेशंट घरात असेल तर प्यायचं पाणी सॉफ्टनरच्या आधीच्या लाइनचं किंवा आरओचं ठेवा, अंघोळीला-गीझरला सॉफ्टनरचं. पण मेंबरांना आधी लोणचं-पापड किती खाता ते विचारा.

शनिवारी प्रयोग करणार आहे. कसा करू सांगा.

---

नाही_पटलं

मला सगळंच नाही पटलं. डाळ जुनी असेल तर? गोदामात उष्ण-दमट हवेत महिनोन्महिने पडलेली कडधान्यं कुठल्याही पाण्यात अडतात, आणि ठाण्याइतकी दमट हवा अजून कुठे. तुम्ही आधीच ठरवलंय की पाणी दोषी. एकाच पाकिटातले दाणे, मोजून, पाण्याचं माप सारखंच, सारखाच गॅस, आणि चाखणाऱ्याला कुठलं भांडं कुठलं ते माहीत नको. डॉक्टर आहात, औषधाची चाचणी कशी करतात हे मी सांगायला नको. नाहीतर तुमचं पान आणि "शुभ सकाळ" फॉरवर्ड यात फरक काय?

---

निवृत्त_वाशीकर

नाही_पटलं यांचा सूर कडू आहे पण मुद्दा चोख. एक भर, शाळेत कॅल्शियम क्लोराइड असेल तर एक भांडं आरओच्या पाण्यात ते घालून करा, मग दोष कॅल्शियमचाच का ते कळेल. ते मात्र चाखायचं नाही, बोटाने दाबून बघायचं. चुना घालू नका, तो अल्कधर्मीपण आहे, दोन गोष्टी एकदम बदलतील.

मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, १९७४ पासून शाळेतल्या विज्ञानाचंच काम चालतं तिथे. तुम्हाला ऐरोलीहून लांब नाही, एकदा जाऊन या.

---

आईबाबा_कोपरखैरणे

डॉक्टर, बोअरच्या पाण्याने मुतखडा होतो हे खरंय का? आमच्या मिस्टरांना मागच्या वर्षी झाला, तेव्हापासून सासूबाईंनी त्यांचं दूध-दही बंद केलंय, कॅल्शियम नको म्हणून.

---

दवाखाना_ते_फळा

ताई, दूध-दही बंद केलंय हे वाचून हात कपाळाला लावला. दवाखान्यात हे रोज ऐकायचे.

बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, त्यामुळे लोकांना वाटतं कॅल्शियम तोडलं की खडा संपला. पण ऑक्झलेट पण लागतं ना खड्याला, ते येतं पालक, अळू, दाणे यातून. जेवणात दूध-दही असलं की कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतो (दोन हात, लाडूतलाच!) आणि दोघं शौचावाटे बाहेर. कॅल्शियम बंद केलं की ऑक्झलेट मोकाट, रक्तात जातं, तिथून किडनीत. म्हणजे पालकाबरोबर पनीर खाणारा शहाणा. अळूने घसा खवखवतो ना, ते त्याच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक, अळूने आधीच बनवून ठेवलेले.

पाण्याचं म्हणाल तर दुष्फेन पाण्यापेक्षा कमी पाणी पिणं हे कितीतरी मोठं कारण. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे माणूस घामाने निथळत असतो, पाणी पितो मोजून, लघवी गडद पिवळी, त्यात खडा जमतो. लघवी दिवसाला दोन-अडीच लिटर व्हायला हवी म्हणजे त्याहून जास्त प्यायला हवं. मिस्टरांचा खडा कशाचा होता याचा रिपोर्ट असेल तर तो घेऊन त्यांच्या डॉक्टरांना भेटा, गोळ्यांमधलं कॅल्शियम वेगळी गोष्ट आहे, तेही विचारा. सासूबाईंना मी सांगितलं म्हणून सांगू नका, वाद वाढेल.

---

दवाखाना_ते_फळा

प्रयोग झाला. रिपोर्ट देते, नाही_पटलं यांनी खास वाचावा.

एकाच पाकिटातला राजमा, रात्रभर भिजवलेला, भिजवायलापण ज्याचं त्याचं पाणी. चार भांडी. टँकरचं, आरओचं, आरओ अधिक चिमूट सोडा, आरओ अधिक कॅल्शियम क्लोराइड. पाणी शिपाईमामांनी भरलं आणि अ ब क ड चिठ्ठ्या लावून खरी यादी स्वतःच्या खिशात ठेवली, मलाही दाखवली नाही, तीनदा मागितली तरी. उघडी भांडी, चार बर्नर, मंद आच.

सव्वा तासाने दाबून बघितलं. एकात बोटाने दाबताच चेंदा, एकात मऊ, एकात साल चिवट आणि आत कचकच, एकात तर दाणा टेबलावर टाकला तर टप्पा खाल्ला. यादी बाहेर आली तेव्हा क्रम बरोब्बर सोडा, आरओ, टँकर, कॅल्शियम क्लोराइड. वर्गात टाळ्या. (सोड्याने बी-वन जीवनसत्त्व नासतं तेही सांगितलं, म्हणजे रोज सोडा नको काकू.)

मग आगाऊपणा म्हणून तूरडाळ केली, कुकरमध्ये, टँकर आणि आरओ, चार चार शिट्ट्या. आणि दोन्हीत काहीही फरक नाही!! दोन्ही लोणी. कुकरमध्ये १२० अंशापर्यंत जातं, त्यात तूरडाळीला ना साल ना काही, एवढ्यात कॅल्शियमचे हात सुटले असावेत.

आता ती बाटल्यावाली मुलगी उठली. "बाई, मग आमच्याकडे का नाही शिजत? आम्ही तूरडाळच खातो." सगळे माझ्याकडे बघतायत. आणि मला एकदम आठवलं की मी तिला एकही प्रश्न विचारलेला नाही. दवाखान्यात कोणी खोकला म्हणून आला की कधीपासून, रात्री का दिवसा, कफ कसला, घरात कोणाला आहे का, हे सगळं विचारल्याशिवाय पेनाला हात लावत नव्हते मी. इथे प्रश्न ऐकला आणि थेट औषध लिहिलं. मग विचारलं. डाळ कुठून आणता, किती भिजवता, कुकर कसला, शिट्टी कशी होते. तर म्हणे शिट्टी होतच नाही नीट, कडेने फुस्स फुस्स वाफ येते, आई वर वरवंटा ठेवते.

कुकरची रिंग सैल आहे हो त्यांची! दाब धरत नाही म्हणजे आत साधं उकळतं पाणी, शंभर अंश, आणि त्यात टँकरचं कॅल्शियम. रिंग चांगली असती तर टँकर पचला असता, नळाचं पाणी असतं तर कदाचित सैल रिंगही पचली असती. आणि वरवंटा आधी काढायला सांगितलाय, शिट्टीवर भलतंच वजन ठेवलं तर काय होतं ते मी कॅज्युअल्टीत बघितलंय.

पान पुन्हा लिहायला घेतलंय. सुरुवात तिच्या बाटल्यांपासून करतेय, काट्यावर आकडा सेम आला तिथून. मधे बुंदीचा लाडू आणि पेठा. रिंग शेवटी. पेक्टिनचं नाव एकदाच, तेही कंसात.

---

नाही_पटलं

पटलं. चारच भांडी आहेत, प्रत्येकी तीन तीन हवी होती, पण पटलं.

---

नौपाडाकर_काकू

मी सूनबाईला फोन केला, रिंग बदलून तिला दोन वर्षं झाली आहेत म्हणे. आज मुलगा नवीन आणतोय.

राजमाचं काय केलंत शेवटी?

---

दवाखाना_ते_फळा

टप्पा खाणारा फेकला, तो रसायनवालाच होता. आरओवाला शिपाईमामांनी डब्यात भरून नेला, त्यांना आधीपासून माहीत होतं ना कुठलं भांडं कुठलं. टँकरवाला माझ्या वाट्याला आला, तो रविवारी घरी कुकरला लावला. माझी रिंग नवीन आहे.